रॅम वाढवल्यावर जुना डेस्कटॉप सुरू होत नसेल तर

नवी रॅम, म्हणजे संगणकाची तात्पुरती मेमरी, बसवल्यावर पडदा काळाच राहिला आणि मदरबोर्डमधून (संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डमधून) बीप ऐकू येऊ लागले, तरी रॅम खराब निघाली असा निष्कर्ष लगेच काढू नये. आधी वीजपुरवठ्याची वायर काढावी, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे, केसच्या धातूला स्पर्श करून अंगातील स्थिर वीज उतरवावी आणि मगच रॅमची पट्टी काढून, तिच्या सोनेरी कडा स्वच्छ खोडरबराने हलकेच पुसून, ती पुन्हा बसवावी. टोकाची खिट्टी खट् आवाज करून खाचेत अडकली नाही, तर पट्टी नीट बसलेली नसते. बहुतेक तक्रारी इथेच मिटतात.

तरीही संगणक सुरू झाला नाही, तर एका वेळी एकच पट्टी एकेका स्लॉटमध्ये (पट्टी बसवायच्या जागेत) लावून पाहावी. हे काम कंटाळवाणे आहे खरे, पण दोष पट्टीत आहे की स्लॉटमध्ये, हे त्यातूनच खात्रीने कळते.

डीडीआर2 आणि डीडीआर3 या रॅमच्या दोन पिढ्यांतील पट्ट्यांना 240 पिना असतात, मात्र खाचेची जागा वेगळी असते आणि व्होल्टेजही अनुक्रमे 1.8 व 1.5 असते, म्हणून पट्टी अडत असेल तर जोर मुळीच लावू नये. खाच जुळूनही जुना चिपसेट (मदरबोर्डवरील नियंत्रक चिपा) जास्त क्षमतेची पट्टी ओळखेलच असे नाही. प्रत्येक स्लॉटची कमाल मर्यादा मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत पाहावी.

बायोसमध्ये (संगणक सुरू होताना विंडोजआधी चालणाऱ्या मूळ प्रणालीत) 4 जीबी दिसते, पण विंडोजमध्ये सुमारे 3 जीबीच वापरता येते, असे असेल तर विंडोज 32 बिटचे आहे का ते तपासावे, कारण त्या आवृत्तीला पूर्ण 4 जीबी वापरता येत नाही.