चांदीच्या फिलिंगचा कचरा: दातांच्या दवाखान्यात पारा कसा सांभाळावा

दातांच्या डॉक्टरांपुढे हा विषय काढला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "आम्ही हल्ली चांदी भरतच नाही." भरत नसाल. युरोपीय संघाने तर 1 जानेवारी 2025 पासून, मोजके अपवाद सोडून, ती भरणंच थांबवलं आहे. पण काढता ना? 20-30 वर्षांपूर्वी बसवलेलं फिलिंग कुणाच्या ना कुणाच्या दाढेतून निघतच असतं. त्या राखाडी तुकड्याच्या, म्हणजे अमाल्गमच्या, वजनाचा जवळजवळ निम्मा भाग पारा असतो, बाकी चांदी, कथील आणि तांबं. म्हणजे नवीन भरणं बंद झालं तरी हा कचरा पुढची कित्येक वर्षं येत राहणार आहे.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा. पारा धुऊन संपत नाही आणि जळूनही संपत नाही. नळाखाली धुतलात तर तो गटारात जातो, जाळलात तर हवेत. पाण्यात गेलेल्या पाऱ्याचा काही भाग सूक्ष्मजीव मिथाइल पाऱ्यात बदलतात आणि तो माशांत साठत जातो. जपानमधल्या मिनामाताला 1956 साली उघडकीस आलेला आजार अशाच माशांतून लोकांपर्यंत पोहोचला होता. तिथे मिथाइल पारा रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातून आला होता, पण माशाला त्याचा उगम कळत नाही.

आधी बरणी

रुंद तोंडाची, जाड प्लॅस्टिकची, फिरकीचं घट्ट झाकण असलेली बरणी घ्या. खरं तर दोन घ्या: एक रुग्णाच्या तोंडात न गेलेल्या उरलेल्या अमाल्गमसाठी, दुसरी तोंडातून आलेल्या तुकड्यांसाठी. दोन्हींवर 'अमाल्गम कचरा – पारा' असं आणि भरायला सुरुवात केल्याची तारीख लिहा.

बरणी कोरडी ठेवा. जुन्या पिढीत 'एक्स-रेच्या वापरलेल्या फिक्सरखाली ठेवा' किंवा 'पाण्यात बुडवून ठेवा' असं शिकवायचे. मलाही तसंच शिकवलं होतं आणि मी ते बरीच वर्षं केलं. नका करू. तो द्रव स्वतःच पाऱ्याने दूषित होतो, मग तो ओतणार कुठे? मुठीएवढ्या कचऱ्याचा लिटरभर कचरा होतो, एवढंच. हवाबंद झाकण असेल तर पाण्याची गरजच नाही. आणि बरणी ऑटोक्लेव्हच्या (वाफेने उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) शेजारच्या फळीवर ठेवू नका. नेहमीच्या तापमानात 10 अंश वाढले की पाऱ्याची वाफ साधारण दुप्पट होते.

त्यात काय टाकायचं? रिकाम्या कॅप्सूल (पूड आणि पारा भरून येणाऱ्या छोट्या कुप्या; आत पारा चिकटलेला असतो), खलात उरलेला गोळा, कॅरियरमधून (अमाल्गम दाढेत नेऊन भरायच्या हत्यारातून) पडलेले कण, दाढेतून निघालेले तुकडे, वापरलेल्या जाळ्या. अमाल्गम भरलेला दात काढलात तर तो वेगळ्या डब्यात ठेवा. तो ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका आणि जाळायला जाणाऱ्या पिशवीत तर मुळीच नाही. सुयांच्या डब्यातही नाही.

फिलिंग काढताना

तुकडे करून काढा, पीठ करू नका. कडेने चर मारून मोठे तुकडे सुटे केले की वाफ कमी, गाळ कमी आणि पुढचं सगळं काम सोपं. भरपूर पाणी आणि जोरदार सक्शन (तोंडातलं पाणी ओढून घेणारी नळी) हवंच.

जाळी, नळ्या आणि सेपरेटर

इथेच बहुतेक दवाखाने चुकतात. मीही चुकले, आणि दोनदा.

पहिल्यांदा जाळीपाशी. चेअरला सक्शनची जी छोटी जाळी असते, त्यात तुकडे अडकतात. आमच्या असिस्टंट ताई ती रोज संध्याकाळी काढून बेसिनमध्ये नळाखाली ब्रशने घासायच्या, लख्ख करून परत बसवायच्या. मीच तसं सांगितलं होतं, आणि जाळी स्वच्छ दिसते म्हणून मला समाधान होतं. मग एकदा बेसिन तुंबलं. प्लंबरने खालचा वाकडा पाइप उघडला आणि बादलीत उपडा केला. काळपट करड्या चिखलाचा लगदा पडला, आणि त्या लगद्यात टाचणीच्या डोक्याएवढे चमकणारे थेंब होते. प्लंबर ते बोटाने ढकलून बघायला लागला. मी ओरडलेच. इतकी वर्षं आम्ही पाऱ्याचं कोठार बेसिनखाली भरत होतो, आणि जे त्या वाकड्या पाइपात अडकलं नव्हतं ते केव्हाच पुढे गेलं होतं.

तेव्हा जाळी धुवायची नाही. एकदा वापरून टाकायची जाळी लावा आणि ती तुकड्यांसकट बरणीत जाऊ द्या. तुमच्या चेअरला परत वापरायचीच जाळी बसत असेल तर ती बरणीच्या तोंडावर उपडी करून हलके ठोका, उरलेले कण कोरड्या टिश्यूने काढा आणि तो टिश्यूही बरणीत टाका. नळ उघडायचाच नाही. "थोडंसं तर आहे" असं कुणी म्हणालं तर त्याला आकडा सांगा: एका छोट्या फिलिंगच्या कॅप्सूलमध्ये साधारण 400 मिलिग्रॅम मिश्रधातूची पूड आणि जवळपास तेवढाच पारा असतो. दिवसाला दोन-तीन फिलिंग निघाली तर वर्षाचा हिशोब तुम्हीच करा.

दुसरी चूक लक्षात यायला जास्त वेळ लागला, कारण तिचं काही डोळ्यांना दिसत नाही. जाळीतून बारीक गाळ निसटतो, म्हणून पुढे अमाल्गम सेपरेटर बसवतात. आयएसओ 11143 या मानकानुसार त्याने चाचणीत किमान 95 टक्के अमाल्गम अडवायला हवं. मी बसवला आणि निर्धास्त झाले. पण सक्शनच्या नळीला वास येतो म्हणून रोज शेवटी त्यातून ब्लीचचं पाणी ओढायची आमची सवय तशीच राहिली. सेपरेटरचं कार्ट्रिज (गाळ साठणारा डबा) बदलायला आलेल्या तंत्रज्ञाने झाकण उघडलं, वास घेतला आणि विचारलं, "मॅडम, नळीत काय ओतता?" मी सांगितलं. तो म्हणाला, "मग याचा काय उपयोग?"

त्याचं खरं होतं. सेपरेटर कण धरतो, विरघळलेलं काही तो धरू शकत नाही. ब्लीच, क्लोरीन, आयोडीन, पेरॉक्साइड ही ऑक्सिडीकरण करणारी द्रव्यं अमाल्गमच्या गाळातला पारा पाण्यात उतरवतात आणि ते पाणी सेपरेटरमधून सरळ आरपार जातं. तुम्ही पैसे खर्चून पारा अडवता आणि संध्याकाळी स्वतःच त्याला सोडून देता. नळीसाठी ऑक्सिडीकरण न करणारा आणि 6 ते 8 पीएचचा क्लीनरच वापरा. 'जंतुनाशक' या एका शब्दावर भुलून काही आणू नका. बाटलीवर घटक आणि पीएच छापलेला नसेल तर ती बाटली परत करा.

आणखी एक गोष्ट आजच तपासा. रुग्ण चूळ भरून थुंकतो त्या स्पिटूनचा पाइप कुठे जातो? कित्येक ठिकाणी सेपरेटर फक्त सक्शनला जोडलेला असतो आणि स्पिटूनचं पाणी थेट ड्रेनेजमध्ये जातं. ड्रिल थांबल्यावर रुग्ण पहिली चूळ भरतो, त्याच चुळीत सगळ्यात जास्त भुगा असतो. खाली वाकून पाइपावर हात ठेवत शेवटपर्यंत जा. बसवणाऱ्याने तोंडी सांगितलेल्यावर विसंबू नका.

कार्ट्रिज भरलं की बदला, आणि भरलं नाही तरी उत्पादकाने दिलेल्या मुदतीत किंवा वर्षातून एकदा बदला. भरून ओसंडलेल्या सेपरेटरमध्ये पाणी आडवाटेने निघून जातं आणि वरून सगळं ठीक दिसत राहतं. म्हणून महिन्याची एक तारीख ठरवा, पातळी बघा, वहीत लिहा.

पारा सांडला तर

कॅप्सूल वापरत असाल तर सांडणं क्वचितच आणि तेही थेंबभर. तरीही झाडू नको, व्हॅक्युम क्लीनर तर नकोच: तो गरम हवेबरोबर पाऱ्याची वाफ खोलीभर फेकतो. माणसं बाहेर काढा, एसी बंद करा, खिडक्या उघडा. हातातल्या अंगठ्या आणि बांगड्या काढा, सोन्याला पारा लगेच चिकटतो. दोन कडक पुठ्ठ्यांनी थेंब एकत्र आणा आणि ड्रॉपरने उचला. मग दिवे मालवून टॉर्च जमिनीला टेकवून आडवा फिरवा, फटींत लपलेले कण चमकतात. ते चिकटपट्टीने टिपा. सगळं, ग्लोव्जसकट, हवाबंद डब्यात. वास येत नाही म्हणून वाफ नाही असं समजू नका. पाऱ्याच्या वाफेला वास नसतो, रंगही नसतो. 20 अंशांना बंद हवेत घनमीटरला 13 मिलिग्रॅमपर्यंत पारा मावतो आणि कामाच्या जागेसाठी वापरली जाणारी एक मर्यादा 0.025 मिलिग्रॅम आहे.

कपाटात सुट्या पाऱ्याची जुनी बाटली असेल तर ती न उघडता, दुसऱ्या डब्यात बसवून कचऱ्याबरोबर देऊन टाका.

कचरा देताना

पारा परत मिळवणाऱ्या अधिकृत संस्थेलाच द्या, वजनाची पावती घ्या आणि ती जपून ठेवा. "हा पुढे कुठे जातो?" हे तोंडावर विचारा. बंद भट्टीत तापवून, वाफ थंड करून पारा वेगळा काढतात, असं काहीतरी ठोस उत्तर आलं पाहिजे. चांदीच्या लोभाने कचरा मागणाऱ्या भंगारवाल्याला देऊ नका. तो उघड्यावर तापवेल, आणि पारा 357 अंशांना उकळतो.

दवाखाना हलवताना किंवा बेसिन बदलताना जुने वाकडे पाइप आणि सक्शनच्या नळ्या भंगारात टाकू नका. खाली ट्रे ठेवून उघडा, आतला लगदा तोंडातल्या तुकड्यांच्या बरणीत घ्या, आणि प्लंबरने हात लावायच्या आधी त्याला ग्लोव्ज द्या.