हेरल्डची बॉडी घरच्या घरी: रंगाआधी दाराची फट

जुन्या गाडीच्या बॉडीचं काम दिवाळीनंतर काढा. मी ते हौसेच्या भरात आषाढात काढलं. इंदूरला रामबागेतल्या आमच्या पोर्चमध्ये दिवसभर दार घासून चकचकीत केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाऊन बाहेर आलो, तर त्याच दारावर गेरू फासल्यासारखा तांबूस थर. उघडा पत्रा दमट हवेत एक रात्रही तग धरत नाही.

गाडी स्टँडर्ड हेरल्ड, दोन दारांची, म्हणजे ब्रिटिश ट्रायम्फ कंपनीच्या हेरल्डची भारतीय आवृत्ती. मद्रासला हिचं उत्पादन 1961 साली सुरू झालं. आराखडा इटालियन डिझायनर मिशेलॉटीचा. हिचीच चासी, म्हणजे बॉडीखालचा लोखंडी सांगाडा, आखूड करून ट्रायम्फने 1962 मध्ये स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार काढली, म्हणून हिला मी स्पिटफायरची थोरली बहीण म्हणतो. नवशिक्याला ही गाडी सोपी, कारण चासी वेगळी आहे आणि बॉडीचे मोठे भाग बोल्टने जोडलेले आहेत. छतसुद्धा बोल्ट काढले की उतरतं.

आधी तपासणी. लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून बॉडीवर फिरवा. जिथे तो धरत नाही, तिथे खाली पुट्टीचा जाड थर आहे किंवा पत्राच उरलेला नाही. मग जुना स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पायाखालचा पत्रा, डिकीचा तळ, बॅटरीखालची जागा आणि दारांच्या खालच्या कडा टोचून बघा. एमजी या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या टी-मालिकेतली गाडी असेल, तर पत्र्याखाली लाकडी सांगाडा असतो. तिथे गंजाइतकीच वाळवीही शोधावी लागते.

काहीही खोलण्याआधी फोटो काढा. बॉडी आणि चासीच्या मधे जे पॅकिंग आणि वायसर असतात, ते कुठल्या जागी किती होते हे लिहून ठेवा. गंजलेल्या बोल्टांना रात्रभर डिझेल लावून ठेवलं की निम्मे बोल्ट निमूट येतात. उरलेले कापा.

आता मुख्य गोष्ट. दाराभोवतीच्या फटी मोजा, चारही बाजूंनी, आणि आकडे भिंतीवर खडूने लिहा. स्पिटफायरमध्ये दाराखालचे सिल, म्हणजे पत्र्याचे पोकळ उंबरे, गाडीचा भार पेलतात. एमजीच्या एमजीबी या गाडीला तर वेगळी चासीच नाही. अशा गाडीचा सिल कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत लोखंडी पट्टी आडवी टाका, तिची दोन्ही टोकं वेल्ड करा, आणि गाडी तिच्या चाकांवर किंवा नीट आधारावर सपाट उभी ठेवा. नाहीतर बॉडी मधोमध खचते. हेरल्डला हा धोका कमी, पण बिजागरी आणि पॅकिंग जुळवून दार, बॉनेट, डिकी सगळं आधी कोरडंच बसवून बघा. माझ्या ओळखीच्या एका डेंटरने फट न बघता थेट रंगच मारला. दार बसवताना नव्या रंगाचा पापुद्रा निघाला आणि पैसे दोनदा गेले.

गंजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापा. पुठ्ठ्याचा साचा करून 20 गेजच्या सीआरसी (थंड लाटलेल्या पोलादी) पत्र्याचा तुकडा काढा. हा इंदूरच्या सियागंज बाजारात चौकशी केली की मिळतो. मिग वेल्डरने एक टाका इथे, पुढचा चार बोटं लांब, मग उलट्या बाजूला, असं करत जा. सलग वेल्डिंग ओढलं की पत्रा तापून पापडासारखा वाकडा होतो. वेल्डिंगला हात घालण्याआधी बॅटरीच्या तारा सोडा, पेट्रोलची टाकी गाडीतून काढून दूर न्या आणि वाळूची बादली हाताशी ठेवा.

जुना रंग रिमूव्हर लावून काढा. पातळ पत्र्यावर सँडब्लास्टिंग नको, पत्रा पिळवटतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका. पाणी आणि वॉटर पेपर वापरा. पत्रा पूर्ण वाळवून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा.

पुट्टी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नको. त्याहून खोल खड्डा हातोडी-डॉलीने (डॉली म्हणजे पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) वर काढायचा. 80 नंबरच्या पेपरने सुरुवात करा, 320 पर्यंत या, आणि पेपर नेहमी लाकडी ठोकळ्यावर गुंडाळा, बोटांनी घासलं की पन्हाळी पडतात. वर काळ्या रंगाचा हलका फवारा मारून पुन्हा घासा. काळं जिथे राहतं, तिथे खळगा.

शेवटचा रंग मात्र बूथ असलेल्या गॅरेजकडून मारून घ्या. पीयू (पॉलियुरेथेन) रंगात मिसळायच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुफ्फुसांना घातक. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणाऱ्या मास्कशिवाय त्याच्याजवळ जाऊ नये. शिवाय रंगपंचमीच्या गेरच्या, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीच्या, दिवसांत इंदूरच्या राजवाड्याच्या आसपास उघड्यावर पांढरी गाडी रंगवायची म्हणजे गुलाबीच करून घेणं.

गाडीचा रंग बदलणार असाल तर आरसीत तशी नोंद करावी लागते. गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी असेल आणि 2021 च्या नियमांखाली व्हिंटेज नोंदणी हवी असेल, तर बॉडी आणि चासीच्या मूळ रचनेत फेरबदल करू नका.

जोडणी झाल्यावर सिल आणि दारांच्या पोकळीत वॅक्स फवारा. तो सुकला की दारांच्या खालची निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करा, काचेच्या खाचेतून तांब्याभर पाणी ओता आणि खाली वाकून ते बाहेर येतंय का बघा.