आळशी डोळा असलेल्या मुलाचं खाणं आणि पट्टीची वेळ

गाजराच्या रसाने आळशी डोळा सुधारत नाही. दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक असला किंवा तिरळेपणा असला, की मेंदू एका डोळ्याचं चित्र वापरणंच सोडून देतो; तोच आळशी डोळा. त्यावर इलाज म्हणजे चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी किंवा त्या डोळ्याला तात्पुरतं धूसर करणारे अ‍ॅट्रोपिनचे थेंब. हे जितक्या लहान वयात सुरू होईल तितकं बरं.

ताट साधंच ठेवा: पालेभाजी, गाजर किंवा लाल भोपळा, अंडं, कडधान्य, फळ. भाजीला थोडं तेल-तूप हवंच, कारण बीटा कॅरोटीन, म्हणजे भाज्यांतला ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं तो घटक, त्याशिवाय नीट अंगी लागत नाही.

अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने देऊ नका. 4 ते 8 वर्षांच्या मुलाला दिवसाला 400 मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व पुरतं. गोळ्यांमधून सतत 900 च्या वर गेलं तर यकृतावर बेततं. गाजरं जास्त झाली तर फार तर कातडी पिवळट दिसते.

आता खरी कटकट. माझ्या मुलाला पट्टी रोज दोन तास लावायची होती, म्हणून मी शहाणपणा करून जेवणाची वेळ निवडली. मूल बसलेलंच असतं ना! चार दिवसांत त्याला पट्टीही नकोशी झाली आणि जेवणही. मी लाड समजून रागावले. मग एकदा त्याचा चमचा वाटीच्या बाहेर आपटताना पाहिला. पांढऱ्या वाटीत पांढरं दही, त्याला दिसणार काय? कमजोर डोळ्याला फिके फरक कळत नाहीत आणि दाटीवाटीतल्या वस्तू तर एकमेकींत मिसळतात.

म्हणून माझं ठाम मत: जेवताना पट्टी नको. गरम आमटी किंवा काट्यांचा मासा असेल तर मुळीच नको. पोट भरल्यावर लावा, आणि चष्म्याच्या काचेवर नाही, थेट कातडीवर चिकटवा. काचेवर लावली की मूल कडेने चांगल्या डोळ्याने बघतं. किती तास ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही वाढवू नका.

पट्टी टिकवायला हाताला काम द्या. गडद ताटलीत उकडलेले मक्याचे दाणे सुटे पसरा आणि एकेक उचलून वाटीत टाकायला सांगा. सरावला की दाणे जवळजवळ ठेवा. निम्मे तोंडात जातील. जाऊ द्या.