व्हॅम्पायरची कादंबरी अर्धीच आवडली, तर अभिप्राय कसा लिहावा

‘बरी आहे, एकदा वाचायला हरकत नाही’ हा अभिप्राय कुणाच्याच कामाचा नाही. सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयात कपाटापुढे उभं राहून पुस्तक न्यावं की ठेवावं ठरवणाऱ्याला काय जमलंय आणि कुठे फसलंय हे नेमकं हवं असतं.

तयारी वाचतानाच करा. पाठकोऱ्या कागदाच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापून पुस्तकात ठेवा. पट्टीवर पेन्सिलीने पान क्रमांक आणि तीन-चार शब्द, बस्स. वाचनालयाच्या पुस्तकात रेघा मारू नका. चिकटणारे कागदही नकोत, जुनं पान त्यांच्याबरोबर फाटून येतं. ई-बुकमध्ये अक्षर मोठं केलं की पानं सरकतात, म्हणून तिथे प्रकरण नोंदवा.

सगळ्यात जास्त लक्ष नियमांकडे द्या, कारण अशा कादंबऱ्या बहुतेक वेळा तिथेच घसरतात. पहिल्या शंभर पानांत व्हॅम्पायरला काय जमतं, काय जमत नाही आणि रक्त मिळालं नाही तर त्याचं काय होतं, याची यादी करा. मग शेवटची शंभर पानं त्या यादीशी ताडून बघा. साठाव्या पानावर बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडता न येणारा गडी तीनशेदहाव्या पानावर खिडकी फोडून आत आला आणि लेखकाने कारण दिलं नाही, तर ‘शेवट गुंडाळलाय’ असं मोघम न लिहिता ही दोन पानंच समोर ठेवा.

मात्र नियम त्या पुस्तकाचे धरा, आपल्या डोक्यातले नव्हेत. ‘व्हॅम्पायर उन्हात फिरतोच कसा?’ ही तक्रार हमखास येते. १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीतला व्हॅम्पायर काउंट दिवसाही बाहेर पडतो, फक्त त्याच्या शक्ती तेव्हा कमी होतात. उन्हाने नाश होण्याची कल्पना रुजली ती १९२२ च्या ‘नोस्फेरातू’ या मूकपटापासून. त्यामुळे ऊन सोसणारा व्हॅम्पायर ही चूक नाही. पाचव्या प्रकरणात उन्हाने भाजणारा विसाव्या प्रकरणात भर दुपारी हिंडला, तर चूक. (सोलापूरच्या मे महिन्यात तर माणसालाही ते जमत नाही.)

प्रेमकथेचा भाग वेगळा काढा. नायक तीनशे वर्षांचा आणि नायिका सतरा-अठराची असते, तेव्हा तिला ‘नाही’ म्हणायची मोकळीक आहे का, हे तपासा. तो रात्री न विचारता तिच्या खोलीत येतो, पाळत ठेवतो, आणि लेखक त्यालाच प्रेम म्हणतो? खटकलं असेल तर स्पष्ट लिहा. त्याच प्रसंगातला ताण उत्तम जमला असेल, तर तेही लिहा. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, आणि संमिश्र मत म्हणतात ते यालाच.

भाषांतर वाचलं असेल तर संवाद अडखळतात म्हणून मूळ लेखकाला झोडपू नका. तसंच मालिकेचा पहिला भाग असेल तर धागे मोकळे राहणारच. या भागाचा मुख्य प्रश्न सुटला का, एवढंच बघा.

पुस्तक संपल्यावर एक रात्र जाऊ द्या, मग अडीचशे-तीनशे शब्दांत लिहा. कथानकाला चार वाक्यं पुरेत आणि तीही पहिल्या चतुर्थांशापुढे जाऊ नयेत. कोण मरतं, कोणाचं रूपांतर होतं हे सांगितलं की पुढच्याचा रसभंग झालाच. नंतर जमलेल्या दोन आणि फसलेल्या दोन गोष्टी, प्रत्येकीला एक प्रसंग. ‘पात्रं सपाट आहेत’ हे कच्चं वाक्य. ‘धाकटी बहीण फक्त ओलीस धरायला येते, एरवी तिला संवादच नाहीत’ हे पक्कं.

तारे द्यायचेच असतील तर पाचपैकी तीन देऊन मोकळे होऊ नका; उरलेले दोन कशाने गेले ते लिहा. शेवटी पुस्तक कोणाला द्यावं हे एका ओळीत सांगा: ‘भीतीसाठी वाचणाऱ्याने सोडावी; राजवाड्यातली कारस्थानं आवडणाऱ्याने न्यावी, पण मधली ऐंशी पानं चाळत.’