अठरा पूर्ण झाल्यावर राहायचं कुठे? बालगृहातली मुलं आणि एकल पालकांसाठी

बारावीची परीक्षा आणि अठरावा वाढदिवस साधारण एकाच वर्षात येतात. बालगृहातली जागाही त्याच वर्षी सोडावी लागते. म्हणून कागदपत्रांची कामं सतराव्या वाढदिवसापासूनच हातात घ्यावीत. निकालानंतर धावपळ करणाऱ्याची निम्मी दारं तोवर बंद झालेली असतात.

पहिला हक्क अनुरक्षणाचा, म्हणजे संस्था सोडल्यानंतर मिळणाऱ्या आधाराचा (आफ्टरकेअर). बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 46 नुसार संस्थेतून बाहेर पडणाऱ्याला अठरानंतर आर्थिक मदत देता येते. अनुरक्षणाचं वय 18 ते 21, आणि अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षं. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेत यासाठी दरमहा 4,000 रुपये धरले आहेत. अनुरक्षण गृहात जागा मिळाली तर राहण्याचा प्रश्नच मिटतो. मात्र हे आपोआप होत नाही. बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकारी किंवा बालकल्याण अधिकाऱ्याने पुढील आराखडा करून बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांबाबत आदेश देणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढे, ठेवायचा असतो. त्यात 'शिक्षण चालू ठेवायचे आहे, निवासाची गरज आहे' असं स्पष्ट लिहिलंय ना, हे स्वतः वाचून पाहा. 'स्वावलंबी होईल' असं गुळमुळीत वाक्य असेल तर त्यावर कुणी निवासाचा आदेश काढत नाही. तुमचा अर्ज लेखी द्या आणि त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या.

प्रतिपालक कुटुंबात (दत्तक न घेता मूल सांभाळणाऱ्या, फॉस्टर कुटुंबात) वाढलेल्यांची इथे गोची होते. कायद्याच्या व्याख्येत अनुरक्षण 'संस्थात्मक काळजीतून' बाहेर पडलेल्यांसाठी आहे. त्यामुळे मदत मिळेलच असं धरून चालू नका. कुटुंबात असतानाच, म्हणजे अठराच्या आत, जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे लेखी विचारणा करा.

दुसरा कागद अनाथ प्रमाणपत्र. दोन्ही पालक नसतील तर जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याकडे अर्ज करा; प्रमाणपत्र विभागीय उपायुक्त देतात. शिक्षण आणि नोकरीतलं एक टक्का आरक्षण त्यावरच मिळतं. संस्थेत वाढलेले आणि संस्थेबाहेर वाढलेले असे त्यात दोन गट आहेत, आपला गट बरोबर लिहून घ्या. समाजकल्याणच्या शासकीय वसतिगृहांतही अनाथांसाठी दोन टक्के जागा असतात. ही गोष्ट अनेक अधीक्षकांनाही आठवण करून द्यावी लागते.

वसतिगृहाचा अर्ज महाआयटीच्या वसतिगृह पोर्टलवर भरायचा. तिथे जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं आणि विद्यार्थी त्या शहराचा रहिवासी नसावा. वर्षाची रक्कम अशी: मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर इथे भोजन 32,000, निवास 20,000 आणि निर्वाह 8,000, मिळून 60,000 रुपये. इतर महापालिका क्षेत्रांत 51,000, जिल्ह्याच्या ठिकाणी 43,000. निवासाचे वीस हजार म्हणजे महिन्याला सतराशे रुपयेसुद्धा नाहीत. पुण्यात तेवढ्यात खोली सोडाच, कॉट बेसिसवर जागाही मुश्किलीने मिळते. तेव्हा दोघातिघांनी मिळून खोली घेण्याचा हिशेब आधीच मांडा. हप्ते उशिरा येतात हेही गृहीत धरा. डिपॉझिट आणि निदान तीन महिन्यांचं भाडं आधी हाताशी लागतं.

आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, तर इतर मागास, विमुक्त व भटक्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. मराठ्यांसह आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे.

अर्ज कुठे अडकतो?

बहुधा बँकेत. संस्थेत असताना काढलेलं अज्ञान (अल्पवयीन) खातं अठरा पूर्ण होताच नव्या सहीशिवाय आणि केवायसीशिवाय चालत नाही. शिवाय खात्याला आधार जोडलेला असणं वेगळं आणि थेट लाभासाठी (डीबीटी) ते खातं सीड केलेलं, म्हणजे सरकारी पैसे आधारवरून त्याच खात्यात येतील असं नोंदवलेलं असणं वेगळं. पैसे सीड केलेल्या खात्यातच जातात, मग अर्जात तुम्ही कुठलाही नंबर लिहा. बँकेत जाऊन 'डीबीटीसाठी सीडिंग' असे शब्द वापरून विचारा.

दुसरी अडचण भाडेकराराची. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला कागद घरमालकाला सोयीचा वाटतो, पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. शहरात नोंदणी फी 1,000 रुपये, ग्रामीण भागात 500. ती तिघांत वाटली तर जड जात नाही. करारात प्रत्येक विद्यार्थ्याचं नाव हवं. एकाच्याच नावावर खोली असेल तर बाकीच्यांचा निवासाचा पुरावा उरत नाही.

तिसरी उत्पन्नाच्या दाखल्याची. त्याची मुदत 31 मार्चला संपते. फेब्रुवारीत काढलेला दाखला जूनमध्ये चालणार नाही, एप्रिलमध्ये नवा काढा.

एकल आई किंवा वडील शिकत असतील तर

मुलांसाठी क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून दरमहा 2,250 रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करायचा. आदेश बाल कल्याण समिती देते. हे पैसे मुलाच्या नावे येतात, भाड्याचा हिशेब त्यावर मांडू नका.

नोकरी करत शिकणाऱ्या आईने सखी निवासात, म्हणजे नोकरदार महिलांच्या सरकारी योजनेतल्या वसतिगृहात, चौकशी करावी. तिथे बारा वर्षांपर्यंतचा मुलगा आणि अठरापर्यंतची मुलगी सोबत राहू शकते. भाडं पगाराच्या प्रमाणात असतं: एकट्याच्या खोलीला जास्तीत जास्त 15 टक्के, दोघींच्या खोलीला 10 टक्के. नोकरीसाठीचं प्रशिक्षण घेणाऱ्या बाईलाही जागा मिळते. पण प्रशिक्षण एक वर्षाच्या आतलं हवं, आणि अशा जागा एकूण क्षमतेच्या 30 टक्क्यांपुढे जात नाहीत. तीन वर्षांची पदवी पूर्णवेळ करणारी, नोकरी नसलेली आई यात बसत नाही. नावाच्या घोळापासूनही सावध राहा: 'स्वाधार गृह' हे संकटातल्या स्त्रियांचं निवासस्थान होतं, आता ते शक्ती सदनात आलं आहे. विद्यार्थ्यांच्या स्वाधार योजनेशी त्याचा काही संबंध नाही.

पैसे सुरू झाल्यावरही हजेरी सांभाळा. स्वाधारसाठी 75 टक्के उपस्थिती लागते. आजारपणामुळे गैरहजर राहिलात तर डॉक्टरांचा दाखला त्याच आठवड्यात कॉलेजात जमा करा, सत्राअखेर तो कुणी घेत नाही.