वर्कशॉपची किल्ली

२००७ च्या जुलैत मी एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकलची लेक्चरर म्हणून रुजू झाले. पहिल्याच आठवड्यात विभागात कामवाटपाची यादी लागली. माझ्या नावापुढे तीन कामं होती: स्वागत समिती, मुलींच्या वसतिगृहाची सहायक रेक्टर आणि ८ मार्चचा कार्यक्रम. खरेदी, वेळापत्रक, परीक्षा ही कामं माझ्यासोबतच रुजू झालेल्या दोन सरांकडे. एचओडींना, म्हणजे विभागप्रमुखांना, विचारलं, तर ते अगदी मनापासून म्हणाले, "मॅडम, तुम्हाला धावपळ नको म्हणून हलकी कामं दिलीत." त्यांच्या मनात खरंच वाईट काही नव्हतं. पुढच्या वर्षांमध्ये मला सगळ्यात जास्त आडवी आली ती ही काळजीच. वाकड्यात शिरणाऱ्या माणसाशी भांडता येतं, काळजी करणाऱ्याशी भांडायचं कसं?

तुम्ही नुकत्याच शिकवायला लागल्या असाल (किंवा लागला असाल, सर, हे तुमच्यासाठीही आहे) आणि विभागातल्या मुलींसाठी काही करावं असं मनात असेल, तर माझा पहिला सल्ला जरा रुक्ष आहे. वेळापत्रकाचं काम मागून घ्या. ते कुणालाच नको असतं, त्यामुळे लगेच मिळतं. प्रॅक्टिकलच्या बॅचेस कशा पाडायच्या, कुठली लॅब किती वाजता लावायची, शेवटचा तास कॉलेजची बस सुटण्याआधी संपतो की नंतर, हे सगळं त्या एका तक्त्यात ठरतं. मी तिसऱ्या वर्षी ते मागितलं. एचओडींना वाटलं, मॅडमना हौस आहे. होतीच.

बॅचेसचं उदाहरण सांगते. साठ-सत्तरच्या वर्गात आमच्याकडे चार-पाच मुली असायच्या. प्रवेशाच्या वेळी ३० टक्के जागा मुलींसाठी असतात, पण मेकॅनिकलला तेवढ्या मुली अर्जच करत नाहीत आणि रिकाम्या राहिलेल्या जागा मुलांकडे जातात. २०२०-२१ च्या अखिल भारतीय उच्चशिक्षण सर्वेक्षणात अभियांत्रिकीत मुली सुमारे २९ टक्के दिसतात, पण तो सगळ्या शाखांचा मिळून आकडा. कॉम्प्युटरच्या वर्गात डोकावलं की तो खरा वाटतो, आमच्या वर्गात आलं की कुणीतरी थट्टा करतंय असं वाटतं. तर या चार-पाच मुली "सगळीकडे समान" म्हणून एकेका बॅचमध्ये एकेक वाटल्या जायच्या. कागदावर न्याय्य. प्रत्यक्षात काय व्हायचं, ते मी फिटिंग शॉपमध्ये उभी राहून पाहिलं.

पहिल्या वर्षाचा व्ही-फिटचा जॉब. माइल्ड स्टीलच्या दोन पट्ट्या, एकीला व्ही आकाराची खाच, दुसरीला तसंच टोक, आणि दोन्ही अशा बसल्या पाहिजेत की उजेडाकडे धरल्यावर फटीतून प्रकाश येता कामा नये. मुलगी हॅकसॉ (लोखंड कापायची करवत) घेऊन व्हाइससमोर, म्हणजे पट्टी पकडून ठेवणाऱ्या शिकंजासमोर, उभी राहिली. दहा-बारा वेळा करवत फिरली असेल, ब्लेड जरा तिरकं गेलं. लगेच शॉपमधले मदतनीस मामा पुढे आले. "ताई, राहू द्या, हाताला फोड येतील." त्यांनी तीन मिनिटांत पट्टी कापून दिली. पुढचं कानस मारण्याचं काम शेजारच्या मुलानं केलं. आणि ती? तिनं सगळ्या ग्रुपची जर्नल लिहिली. सुरेख अक्षर, पेन्सिलीनं आखलेल्या आकृत्या. सबमिशनला तिला पंचवीसपैकी तेवीस मिळाले. मला नंतर वाटलं, की ते तेवीस खरं म्हणजे मामांना द्यायला हवे होते.

त्या मामांना मी कधी दोष दिला नाही. त्यांच्याशी चहाच्या टपरीवर बोलले. त्यांना एवढंच सांगितलं, की मामा, हिला उद्या नोकरीत कुणी पट्टी कापून देणार नाही. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मग आधी तिला बुटक्या माणसाचा ओटा द्या. व्हाइस तिच्या खांद्याला लागतोय." बरोबर होतं. व्हाइसचा जबडा कोपराच्या उंचीला हवा, हे आम्हीच शिकवतो. आमची बाकं साडेपाच फुटी मुलांच्या मापानं बसवलेली. मामांनी जुन्या पॅकिंगच्या लाकडाचे चार पाट ठोकून दिले. कमी उंचीची मुलंसुद्धा मुकाट्यानं त्यावर उभी राहायला लागली. पुढच्या खरेदीच्या यादीत मी लहान मापाचे ॲप्रन आणि सेफ्टी शूज घातले, कारण तोवर मुली मोठ्या ॲप्रनच्या बाह्या दुमडून लेथवर उभ्या राहायच्या, आणि फिरत्या चकजवळ सैल बाही म्हणजे काय ते सांगायला नको.

आणि बॅचेस बदलल्या. आता मुली दोघी-तिघी मिळून एका बॅचमध्ये, कुणी एकटी नाही. जॉब ज्याचा त्यानं करायचा आणि जर्नलही ज्याची त्यानं लिहायची. पहिल्या वर्षी मुलांनी कुरकुर केली. जर्नल स्वतः लिहावी लागते हा त्यांना मोठाच धक्का होता.

दोघी हव्यात, एकटी नको, हे शहाणपण काही माझं नाही. ते फार जुनं आहे. मद्रासच्या गिंडी इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात देशातल्या पहिल्या महिला इंजिनिअरांपैकी एक, ए. ललिता शिकल्या, १९४३ मध्ये इलेक्ट्रिकलची पदवी घेतली. अठराव्या वर्षी वैधव्य आलेलं, पदरात तान्ही मुलगी. वडील पप्पू सुब्बाराव त्याच कॉलेजात इलेक्ट्रिकलचे प्राध्यापक. त्यांनी प्राचार्य के. सी. चाको यांच्याकडे शब्द टाकला आणि मुलीला प्रवेश मिळवला. त्याच काळात सिव्हिलला पी. के. थ्रेसिया आणि लीलाम्मा जॉर्ज अशा आणखी दोघी होत्या, म्हणजे ललिता एकट्या नव्हत्या. थ्रेसिया पुढे १९७१ मध्ये केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या चीफ इंजिनिअर झाल्या. मला या सगळ्यात आवडतो तो ललितांच्या प्रमाणपत्राचा किस्सा. छापील नमुन्यात विद्यार्थ्यासाठी फक्त 'तो' होता, 'ती'ची सोयच नव्हती. मग तो शब्द खोडून वर 'ती' लिहिलं. परीक्षा विभागातल्या कुठल्यातरी कारकुनाच्या हातचं ते काम असणार. प्राध्यापकानं शब्द टाकला, प्राचार्यांनी सही केली, पण छापील कागदावर रेघ मारायला कुणीतरी पेन उचललंच ना. आपल्या कॉलेजात असे किती छापील नमुने आहेत, ते एकदा बघा. आमच्या औद्योगिक सहलीच्या संमतिपत्रावर परवापरवापर्यंत फक्त 'वडिलांची सही' होती.

आता किल्लीचं. आमची मुलं 'बाहा' या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी गाडी बनवतात. चार चाकांची, खडबडीत रस्त्यावर चालणारी, चॅसिसपासून सगळी स्वतः वेल्ड केलेली. टीममध्ये तीन मुली होत्या आणि तिघी 'मॅनेजमेंट'ला होत्या, म्हणजे स्पॉन्सरशिपची पत्रं, कॉस्ट रिपोर्ट आणि पीपीटी. विचारलं तर टीमचा कॅप्टन म्हणाला, "मॅडम, त्यांना वेल्डिंगला कोण नाही म्हणतंय? पण काम रात्री चालतं, त्या नसतात." खरंच नसायच्या. मुलींच्या वसतिगृहाचं दार साडेसातला बंद, मुलांचं साडेदहाला. गॅरेजची किल्ली मुलांच्या वसतिगृहाच्या वॉचमनकडे. शेवटची बस सव्वापाचला. कुणीही कुणाला अडवलेलं नव्हतं, आणि तरी तिघी पीपीटीच करत होत्या.

तीन अर्ज केले. किल्ली मुख्य गेटवरच्या केबिनमध्ये ठेवावी आणि रजिस्टरमध्ये सही करून कुणीही टीम मेंबरनं न्यावी, हा पहिला अर्ज आठवड्यात मंजूर. रात्री साडेनऊला कॉलेजची एक गाडी गॅरेजपासून वसतिगृहापर्यंत, हा दुसरा, दोन महिन्यांनी मंजूर. वसतिगृहाच्या वेळेचा तिसरा अर्ज मात्र घोंगड्यासारखा भिजत पडला. "पालकांना काय सांगायचं?" हेच प्रत्येक बैठकीत. शेवटी पालकांनाच बोलावलं. करमाळ्याकडचे एक शेतकरी वडील सगळं ऐकून म्हणाले, "गाडी सोडायला येती म्हणता, मॅडम बी असतात म्हणता. मग अडलंय कुठं?" ज्या पालकांच्या नावानं आम्ही दीड वर्ष घाबरत होतो, त्यातल्या तिघांनीच हरकत घेतली. त्यांच्या मुलींना आम्ही साडेसातलाच परत पाठवत राहिलो. ते बरोबर केलं का, हे मला आजही सांगता येणार नाही.

पैशांची माहिती मात्र तोंडपाठ ठेवा, कारण मुलगी शिक्षण सोडायचं म्हणते तेव्हा पहिलं कारण सांगते 'घरचं' आणि खरं कारण बऱ्याचदा फी असतं. महाराष्ट्र शासनानं ८ जुलै २०२४ च्या निर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर. प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून आलेल्या मुलीला हे मिळत नाही, हे प्रवेशाच्या आधीच सांगायला हवं. एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) प्रगती शिष्यवृत्ती वर्षाला ५० हजारांची, एका कुटुंबातल्या दोन मुलींपर्यंत. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात जूनमध्ये रांग लागते, तेव्हा मेमध्येच आठवण करा.

लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या अंतर्गत समितीवर तुमचं नाव येईल. बाई आहात म्हणून येईलच. सही करण्याआधी २०१३ चा कायदा आणि यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१५ चे नियम वाचा. मी वाचले नव्हते. एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली, घडलेलं सांगितलं, आणि मी मोठ्या शहाणपणानं म्हणाले, "आधी आपण दोघांना समोरासमोर बसवून बोलू." चूक होती. समेटाचा रस्ता फक्त तक्रारदारानं स्वतः मागितला तरच खुला होतो, समितीनं तो सुचवायचा नसतो. ती मुलगी "बघते" म्हणाली आणि परत आली नाही. तक्रारीला तीन महिन्यांची मुदत असते, कारणं लेखी नोंदवून समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते, हे मला नंतर कळलं. तोवर तिची मुदत संपून गेली होती. आणखी एक गोष्ट त्या नियमांत आहे जी बऱ्याच कॉलेजात पाळली जात नाही: विभागप्रमुख, अधिष्ठाता अशा वरिष्ठ प्रशासकीय पदावरच्या माणसांना समितीवर घेता येत नाही. यादी लागली की हे आधी तपासा.

स्वतःकडेही बघा. माझ्या बाळंतपणाच्या वेळी रजा बारा आठवड्यांची होती. परत आले तर माझा थिअरी ऑफ मशिन्स दुसऱ्याला दिलेला आणि मला पहिल्या वर्षाचं ग्राफिक्स. "बाळ लहान आहे, तयारीचा ताण नको." परत काळजी! तो विषय परत मिळायला चार वर्षं गेली. २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवड्यांची आहे, आणि पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघर बंधनकारक. पीएच.डी. करत असाल तर यूजीसीच्या नियमांत महिलांना दोन वर्षं जादा आणि २४० दिवसांपर्यंतची रजा आहे. रजेवर जाण्याआधी आपले विषय कुणाकडे, किती काळासाठी आणि परत कधी, हे ईमेलवर लिहून घ्या. तोंडी बोलण्यावर राहू नका.

प्लेसमेंटबद्दल एकच युक्ती सांगते. कंपनीचा फोन येतो, "कोअर प्रोफाइल आहे, फक्त मुलं पाठवा, नाईट शिफ्ट असते." १९४८ च्या कारखाने कायद्यात बायकांच्या रात्रपाळीला खरंच बंदी होती, पण महाराष्ट्रानं २०१५ मध्ये त्यात दुरुस्ती करून सुरक्षेच्या अटींवर परवानगी दिली. हे सगळं फोनवर ऐकवत बसू नका. फक्त नम्रपणे म्हणा, "एवढं ईमेलवर कळवाल का, आम्हाला फाईलला लावावं लागतं." आमच्या टीपीओ (प्लेसमेंट बघणाऱ्या) सरांनी हे चार वेळा केलं. दोनदा ईमेल आलाच नाही आणि मुली मुलाखतीला बसल्या. एकदा कंपनीच आली नाही. मुलं चिडली, ते समजण्यासारखं होतं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सकाळी सात वाजता बाहाच्या कॅप्टनचा फोन. गॅरेजसमोर आठ जण उभे, कुलूप लावलेलं, केबिनमध्ये किल्ली नाही. रजिस्टरमध्ये शेवटची सही सस्पेन्शनचं काम बघणाऱ्या मुलीची होती. रात्री नऊ पंचवीसला वेल्डिंग संपवून ती थेट लातूरच्या गाडीत बसलेली, किल्ली जीन्सच्या खिशात. फोनवर ती रडकुंडीला आली होती, आणि मुलं तिला जे बोलत होती ते इथं लिहिता येणार नाही. मी मामांना फोन लावला. त्यांनी डुप्लिकेट कधीच करून घेतली होती. घरी देव्हाऱ्यापाशी खिळ्याला टांगलेली होती म्हणे. "पूजा आटोपून आणतो," म्हणाले, "तोवर पोरांना चहा घ्यायला सांगा."