मोठा टीव्ही घ्यायचाय? आधी टेप काढा

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सीएनसी मशीनवर काम करतो. माप घेतल्याशिवाय हात चालायचा नाही, ही २२ वर्षांची सवय. गेल्या दिवाळीआधी घरात "आता मोठा टीव्ही घेऊच" असं ठरलं, तेव्हा मुलं मोबाइलवर ऑफर बघत बसली आणि मी कपाटातून टेप काढली. आमचं घर सिडकोत, पवननगरच्या बाजूला. हॉल १० बाय १४. आई, आम्ही दोघं आणि दोन मुलं. तोवर २४ इंची टीव्हीवर सगळ्यांचं चाललं होतं, पण आईला आता खालच्या पट्टीवरची अक्षरं वाचता येत नव्हती. येता सिंहस्थ तिला घरी बसून नीट बघायचाय. गर्दीत रामकुंडावर जाणं आता तिला झेपणार नाही.

टीव्हीचे इंच म्हणजे पडद्याचं तिरकं माप, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. भिंतीवर प्रत्यक्षात किती जागा जाते ते वेगळं मोजावं लागतं. ४३ इंची पडदा साधारण ३ फूट दीड इंच रुंद असतो, ५० इंची ३ फूट साडेसात इंच, ५५ इंची जवळपास ४ फूट आणि ६५ इंची ४ फूट साडेआठ इंच. ५५ ची उंची सव्वादोन फूट भरते. हे आकडे वाचून डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही, म्हणून मी रद्दीतले 'गावकरी' आणि 'देशदूत' चिकटवून ५०, ५५ आणि ६५ च्या मापाचे तीन कागद कापले आणि एकेक करून भिंतीला लावले. प्रत्येक कागद दोन-दोन दिवस ठेवायचं ठरवलं. ६५ चा लावला तेव्हा देवघराचं दार अर्धं झाकलं गेलं. आई काही बोलली नाही, पण संध्याकाळी दिवा लावताना ती तिरकी होऊन आत गेली. तो कागद मी त्याच रात्री काढला.

आता अंतर. सोफा भिंतीला टेकलेला असला तरी आपले डोळे भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे असतात. म्हणून टेप डोळ्यांपासून पडद्यापर्यंत धरा. आमचं अंतर ८ फूट भरलं, म्हणजे ९६ इंच. फोरके (4K) टीव्हीसाठी मी या आकड्याला १.६ ने भागतो. उत्तर ६०, म्हणून ५५ इंची ठीक. ज्यांना थिएटरसारखा पडदा हवा असतो ते १.२ ने भागतात, त्या हिशेबाने ६५ सुद्धा बसला असता. पण आमची मुलं जमिनीवर, पडद्याच्या आणखी जवळ बसतात. आणि दिवसातले चार तास घरात सेट टॉप बॉक्सवरच्या मालिका चालतात. हा दुसरा मुद्दा दुकानात कुणी सांगत नाही, म्हणून जरा खोलात सांगतो.

फोरके पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख ठिपके असतात. साध्या एसडी चॅनेलच्या चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे सव्वाचार लाखांच्याही आतच. उरलेले ठिपके टीव्ही अंदाजाने भरतो. पडदा जितका मोठा, तितका तो अंदाज उघडा पडतो आणि चेहरे पुसट दिसतात. मोठा टीव्ही घेणार असाल तर बॉक्ससुद्धा एचडी करून घ्या, तो खर्च आधीच धरा. बॉक्सच्या सेटिंगमध्ये १०८० आणि १६:९ निवडा, नाहीतर माणसं आडवी ताणलेली दिसत राहतील.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्या घरात बाजूला कोण बसतं ते बघा. आमच्या हॉलमध्ये आईचा दिवाण खिडकीखाली आहे. तिथून पडदा जवळजवळ ५० अंशांच्या तिरक्यातून दिसतो. नाशिकरोडला माझ्या मोठ्या भावाकडे टीव्ही आहे, समोरून सुंदर दिसतो. पण राखीपौर्णिमेला आम्ही सगळे जमलो तेव्हा बाजूच्या खुर्च्यांवरून रंग उडालेले, चेहरे पांढुरके दिसत होते. आई तिथे बसली होती आणि निमूट बघत होती. याचं कारण पॅनेल, म्हणजे टीव्हीतला चित्र दाखवणारा पडदा. एलईडी टीव्हीत मुख्य प्रकार दोन. व्हीए पॅनेलमध्ये काळा रंग गडद येतो, रात्री अंधारात चित्र छान दिसतं, पण बाजूने बघितलं की रंग फिके पडतात. आयपीएसमध्ये काळा थोडा राखाडी वाटतो, पण बाजूने रंग बऱ्यापैकी टिकतात. क्यूएलईडी लिहिलेलं असलं तरी आत एलईडीचंच पॅनेल असतं, म्हणून तिथेही हाच प्रश्न विचारा. एकाच मॉडेलच्या ५० आणि ५५ इंचांत वेगवेगळी पॅनेल असू शकतात. कागदावर विश्वास ठेवू नका. दुकानात टीव्हीसमोर उभे राहा, मग चार पावलं बाजूला जा, आणि तुमच्या घरातलं ते माणूस जिथे बसतं तेवढ्या तिरक्यात थांबून बघा. शक्य असेल तर त्यांनाच सोबत न्या. मी आईला कॉलेजरोडच्या दुकानात रिक्षाने नेलं. एका बाजूला स्टूल मागून तिला बसवलं. तिने चार टीव्ही बघितले आणि तिसऱ्याकडे बोट दाखवलं. तोच घेतला.

ओलेडी (OLED) हा वेगळाच पॅनेलचा प्रकार, त्याचं चित्र या दोघांपेक्षाही चांगलं असतं, बाजूनेही. पण ज्या घरात बातम्यांचं चॅनेल दिवसभर चालू राहतं, तिथे खालची पट्टी आणि कोपऱ्यातलं चिन्ह वर्षानुवर्षं एकाच जागी राहून पडद्यावर त्याचा डाग उमटू शकतो. आमच्याकडे तसंच चालतं, म्हणून तो विचार सोडला. शिवाय किंमतही आमच्या आवाक्याबाहेरची.

दुकानात टीव्ही सहसा भडक मोडवर लावलेले असतात. झगमगत्या दिव्यांत सगळ्यात भडक तोच चांगला वाटतो. स्टँडर्ड किंवा सिनेमा मोड लावायला सांगा. आणि स्वतःचा पेनड्राइव्ह न्या. मी मुलीच्या स्नेहसंमेलनातला नाच मोबाइलवर काढलेला, तो सगळ्या टीव्हींवर लावून बघितला. तिच्या नऊवारीचा मोरपंखी रंग मला पाठ आहे, तो कुठे खरा दिसतो ते लगेच कळलं. दुकानातल्या व्हिडिओतल्या समुद्राचा खरा रंग कोणता, ते मला कसं कळणार?

हर्ट्झ म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं तो आकडा. तो विचाराल तेव्हा "पॅनेलचे खरे किती?" असं विचारा. मालिका, बातम्या, क्रिकेट यांना ६० पुरतात. स्मार्ट टीव्हीचं बाकीचं सगळं एकमेकांसारखंच आहे, फक्त तुमची नेहमीची अॅप चालतात का आणि वायफाय ५ गिगाहर्ट्झचं घेतो का एवढं बघा.

आवाजाकडे मात्र लक्ष द्या. सपाट टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात. मोठ्या हॉलमध्ये बोलणं पुसट होतं, आणि आमच्या आईसारखं ज्यांना कमी ऐकू येतं ते आवाज वाढवत जातात, मग संगीत अंगावर येतं. आम्ही ४५ हजारांच्या बजेटमधून साउंडबारचे, म्हणजे टीव्हीला जोडायच्या लांबट स्पीकरचे पैसे आधीच बाजूला काढले. टीव्हीच्या मागे एआरसी लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टलाच त्याची वायर लावा. आमच्या बारवर बोलण्याचा वेगळा मोड आहे. तो लावल्यापासून आवाज १८ वर पुरतो, पूर्वी ३० लागायचा.

किमतीबद्दल एकच. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. जुन्या किमतीची पाटी लावून त्यावरून कुणी सूट मोजून दाखवत असेल तर दोन ठिकाणी भाव विचारा. स्टार लेबलवर वर्षाला लागणारे विजेचे युनिट छापलेले असतात, तेही दोन मॉडेलचे शेजारी ठेवून बघा.

टीव्ही घरी येईल तेव्हा खोका उभाच राहू द्या. आमच्या एका नातेवाइकांनी स्वतःच्या गाडीत आडवा टाकून आणला, रस्त्यात पॅनेल तडकलं. नवं पॅनेल जवळपास नव्या टीव्हीच्याच भावात पडतं आणि तडा वॉरंटीत येत नाही. खोका उघडताना व्हिडिओ काढा. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि टीव्हीच्या मागच्या नंबराशी जुळवा. पहिल्याच दिवशी पूर्ण लाल, हिरवं, निळं, पांढरं आणि काळं असे पाच फोटो लावून रेघ किंवा ठिपका आहे का बघा.

उंची मी फिटरला ठरवू दिली नाही. सोफ्यावर बसल्यावर माझे डोळे जमिनीपासून ४१ इंचांवर, आईचे दिवाणावर ३९. पडद्याचा मध्य ४० वर घेतला, म्हणजे खालची कड साडेसव्वीस इंचांवर आली. फिटर म्हणाला, "दादा, लोक दीड फूट वर लावतात." लोक लावतात, आणि मग मानेला उशी घेऊन बघतात. आमची भिंत जुनी विटांची, तिथे अँकर फास्टनर घट्ट बसतात. पाथर्डी फाट्याकडच्या किंवा इतर नव्या इमारतींत सिपोरेक्सची, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकची भिंत असेल तर त्यासाठीचे वेगळे फास्टनर मागा. ५५ इंची टीव्ही साधारण १२ ते १५ किलोचा, साध्या प्लॅस्टिक गुल्ल्यांवर टांगू नका. आणि स्विचबोर्डच्या सरळ वरच्या रेषेत ड्रिल मारू नका, वायर बहुतेक तिथूनच गेलेली असते.

जुन्या घरांत अर्थिंग नीट आहे का, हे टीव्ही लावण्याआधी वायरमनकडून तपासून घ्या. आमच्या हॉलमधल्या सॉकेटला अर्थिंगच नव्हतं, नवी वायर ओढावी लागली. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला की नुसतं रिमोटने बंद करून भागत नाही, प्लग काढायचा आणि गच्चीवरच्या छत्रीची वायरही बॉक्समधून सोडवायची, कारण वीज त्या वायरनेही आत येते. ती वायर हाताला लागावी म्हणून मी टीव्हीच्या उजव्या कडेला हुक मारून ठेवलाय. आईचा हात दिवाणावरून तिथपर्यंत पोहोचतो.